कर्सर बंद कोण करणार? एका जुन्या अँड्रॉइड ॲपचं प्रकरण

२०१८ च्या शेवटाची गोष्ट. कामाच्या नोंदी ठेवायचं एक अँड्रॉइड ॲप माझ्या गळ्यात आलं. लिहिणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेलेला, कोड सगळा अँड्रॉइड २.३ च्या जमान्यातला, आणि त्याला हात लावायचं कारण एकच, गूगल प्लेने नियम काढला होता की नोव्हेंबर २०१८ पासून अपडेट टाकायचा तर टार्गेट एसडीके (ॲप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बनवलंय ते सांगणारा आकडा) किमान २६ पाहिजे. आमचा होता १०. म्हटलं आकडा बदलू, परवानग्यांचं नवीन प्रकरण निस्तरू, दोन दिवसांचं काम. परवानग्या खरंच दीड दिवसात उरकल्या, पण पुढचे तीन आठवडे कर्सरने खाल्ले. कर्सर म्हणजे स्क्रीनवरचा बाण नाही, डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं (क्वेरीचं) उत्तर ओळ-ओळ वाचून देणारी वस्तू.

ॲप तसं साधं होतं. एक लांबलचक यादी, नोंदीवर टॅप केलं की तपशिलाचा स्क्रीन. खाली एसक्यूलाइट (फोनमधला छोटा डेटाबेस), त्यात तीन टेबलं: नोंदी, टॅग आणि फोटो. यादी म्हणजे लिस्टव्ह्यू आणि त्याला थेट जोडलेला कर्सरॲडॅप्टर (कर्सरमधल्या ओळी यादीला पुरवणारा). म्हणजे डेटाबेसमधून निघालेला कर्सर तसाच्या तसा स्क्रीनपर्यंत पोचलेला, मध्ये कोणी नाही. त्या काळी सगळे असंच लिहायचे, मीही लिहिलंय, त्यामुळे मूळ माणसाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

पहिला क्रॅश असा आला. टार्गेट २६ केला, ॲप चालवलं, नोंद उघडली, मागे आलो, सगळं ठीक. मग एक नोंद डिलीट केली, दुसरी उघडली, मागे आलो आणि ॲप आडवं. लॉगमध्ये इलीगलस्टेटएक्सेप्शन, मजकूर 'ट्राइंग टू रिक्वेरी ॲन ऑलरेडी क्लोज्ड कर्सर'. डिलीट न करता कितीही वेळा आत-बाहेर केलं तरी काही होत नव्हतं, म्हणून मला वाटलं डिलीटच्या कोडमध्येच घोळ आहे आणि अर्धा दिवस तिथेच डोकं फोडलं.

डिलीटचा कोड बरोबर होता. गोम होती स्टार्टमॅनेजिंगकर्सरमध्ये. ही मेथड ज्यांनी वापरली नसेल त्यांच्यासाठी, तुम्ही ॲक्टिव्हिटीला (ॲपच्या एका स्क्रीनमागच्या कोडला) सांगायचं की हा कर्सर आता तू सांभाळ, मग ॲक्टिव्हिटी स्क्रीनवरून गेली की ती कर्सर डिॲक्टिव्हेट करते, परत आली की रिक्वेरी करते, म्हणजे तीच क्वेरी पुन्हा चालवते, आणि मेली की क्लोज करते. ऐकायला छान. आता डिलीटनंतर यादी ताजी करायचं फंक्शन बघा: नवीन क्वेरी मारली, नवा कर्सर पुन्हा ॲक्टिव्हिटीच्या ताब्यात दिला, आणि मग ॲडॅप्टरवर चेंजकर्सर बोलावलं. चेंजकर्सर जुना कर्सर स्वतः बंद करतं (स्वॅपकर्सर करत नाही, ते जुना कर्सर तुमच्या हातात परत देतं, हा फरक माहीत नसला की एक तर गळती होते नाहीतर क्रॅश). म्हणजे ॲडॅप्टरने जुना कर्सर बंद केला, पण ॲक्टिव्हिटीच्या वहीत त्याचं नाव तसंच. परत आल्यावर ॲक्टिव्हिटी इमानदारीत वहीतल्या प्रत्येकाला रिक्वेरी करायला गेली आणि एक जण मेलेला निघाला.

हा घोळ ॲपमध्ये पहिल्या दिवसापासून होता, फक्त टार्गेट १४ च्या खाली असला की अँड्रॉइड त्या फसलेल्या रिक्वेरीकडे काणाडोळा करायचं. आम्ही आकडा वाढवला आणि काणाडोळा बंद झाला, इतकंच.

एका ओळीत सुटलं असतं. चेंजकर्सरच्या आधी स्टॉपमॅनेजिंगकर्सर बोलवायचं, संपलं. पण स्टार्टमॅनेजिंगकर्सरच अँड्रॉइड ३.० पासून, म्हणजे २०११ पासून, डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नका असं जाहीर केलेली) आहे आणि कारणही खरं आहे: परत येताना होणारी ती रिक्वेरी मेन थ्रेडवर (स्क्रीन आणि टच सांभाळणाऱ्या धाग्यावर) चालते, टेबल मोठं असलं की स्क्रीन गोठतो, आणि टचला ५ सेकंदात उत्तर मिळालं नाही तर सिस्टीम 'ॲप प्रतिसाद देत नाही' चा डबा दाखवते. म्हणून मी ठरवलं की हे सगळं काढूनच टाकू. नऊ ठिकाणी होतं, नऊही काढली. निर्णय बरोबर होता पण केला घाईत, कारण मी सांभाळणारा काढला आणि त्याच्या जागी कोण सांभाळणार ते नीट ठरवलंच नाही.

त्याच सफाईत मी एक 'सुधारणा' पण केली. यादीतल्या प्रत्येक नोंदीखाली तिचे टॅग दिसायचे, आणि ते आणायला बाइंडव्ह्यूमध्ये (यादीतली एक ओळ भरणाऱ्या फंक्शनमध्ये) दर ओळीला एक वेगळी छोटी क्वेरी जायची. त्या फंक्शनमध्ये मी वरच एक शॉर्टकट टाकला की मूव्हटूफर्स्ट (पहिल्या ओळीवर जा) खोटं आलं, म्हणजे उत्तरात एकही ओळ नसली, तर रिकामी स्ट्रिंग परत दे. खाली शेवटच्या ओळीत कर्सर क्लोज होता. शॉर्टकट त्या ओळीच्या वरून बाहेर पडत होता, म्हणजे ज्या नोंदीला एकही टॅग नाही तिचा कर्सर उघडाच राहणार. टेस्टिंगच्या डेटात मी हौसेने प्रत्येक नोंदीला टॅग लावले होते. खऱ्या लोकांनी जवळपास कशालाच लावले नव्हते.

अपडेट गेला आणि तिसऱ्या दिवशी जुन्या फोनवरून क्रॅश यायला लागले: 'कर्सर विंडो ॲलोकेशन ऑफ २०४८ केबी फेल्ड', आणि त्याच ओळीत उघड्या कर्सरांचा आकडा, आठशेच्या वर.

इथे थोडं थांबून कर्सर म्हणजे नक्की काय ते बोललं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आपण म्हणतो कर्सर म्हणजे क्वेरीचं उत्तर, पण अँड्रॉइडमध्ये तो उत्तराकडे बघायची खिडकी आहे, आणि त्या वस्तूचं नावही कर्सरविंडोच आहे. एसक्यूलाइटमधून निघालेले रो (टेबलातल्या ओळी) या विंडोत कॉपी होतात, विंडोचा आकार नेहमीच्या सेटिंगमध्ये २ एमबी, आणि तेव्हाच्या अँड्रॉइडमध्ये ती जागा जावाच्या हीपमध्ये (ॲपच्या ऑब्जेक्टांच्या मेमरीत) नसायची, बाहेर शेअर्ड मेमरीत असायची. प्रत्येक विंडोमागे एक फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलसाठी सिस्टीम देते तो नंबर) खर्च व्हायचा, आणि बऱ्याच जुन्या फोनवर एका प्रोसेसला असे एकूण १०२४ च मिळायचे. क्वेरीचं उत्तर शून्य रो असलं तरी विंडो बनतेच. म्हणजे टॅग नसलेल्या नोंदीसुद्धा फुकट नव्हत्या.

मग कोणी म्हणेल गार्बेज कलेक्टर (टाकून दिलेली ऑब्जेक्टं आपोआप झाडून नेणारा) कशाला आहे? तो आहे, आणि सोडून दिलेला कर्सर शेवटी फायनलायझरमध्ये (झाडून नेण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये) मिटतोही. पण कलेक्टर धावतो जावाच्या हीपवर ताण आला की, आणि तिथे कर्सरचं ऑब्जेक्ट जेमतेम चिमूटभर दिसतं, बाहेरचे २ एमबी त्याच्या हिशेबातच नाहीत. त्याला वाटतं सगळं निवांत आहे, आणि इकडे माणूस यादी जोरात खाली ढकलतोय, आठशे ओळी, आठशे विंडो, खेळ खल्लास.

सापडलं कसं ते सांगतो, कारण हे पुन्हा कामाला येतं. स्ट्रिक्टमोडमध्ये (अँड्रॉइडची चुका पकडायची सोय) न मिटलेल्या एसक्यूलाइट ऑब्जेक्टांचा शोध चालू केला, पण तो ओरडतो कलेक्टर धावला तरच, म्हणून प्रोफायलरमधलं कचऱ्याच्या डब्याचं बटण दाबून कलेक्टर जबरदस्तीने पळवला. लगेच लॉगमध्ये 'फायनलायझिंग अ कर्सर दॅट हॅज नॉट बीन डिॲक्टिव्हेटेड ऑर क्लोज्ड' च्या रांगा, आणि सोबत क्वेरीचा मजकूर पण छापून येतो, प्रत्येकात टॅगचं टेबल. खात्रीसाठी एडीबी शेलमधून (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम देऊन) प्रोसेसच्या एफडी फोल्डरची, म्हणजे उघड्या फाइल डिस्क्रिप्टरांची, यादी काढली आणि दुसऱ्या हाताने फोनवर स्क्रोल करत राहिलो. दर वेळी ॲशमेमच्या (त्याच शेअर्ड मेमरीच्या) ओळी वाढलेल्या. माझीच चूक अशी डोळ्यांसमोर मोजता येणं हा काही फार सुखाचा अनुभव नाही.

क्लोज फायनली ब्लॉकमध्ये (काहीही झालं तरी शेवटी चालतोच अशा भागात) टाकला, पाच मिनिटांचं काम. ट्राय-विथ-रिसोर्सेस (उघडलेली वस्तू आपोआप मिटवायची जावाची सोय) का नाही, तर आम्हाला एपीआय १४ (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा तोच आकडा) पासूनचे फोन धरायचे होते आणि कर्सर हा क्लोजेबल झाला एपीआय १६ ला, त्या आधीच्या फोनवर तो प्रकार धावताना फुटतो. पण खरं तर दर ओळीला वेगळी क्वेरी हेच चुकीचं होतं, म्हणून तीही काढली आणि मुख्य क्वेरीतच टॅगचं टेबल लेफ्ट जॉइन करून ग्रुप-कॉनकॅटने टॅग एका कॉलममध्ये आणले. आता अख्ख्या यादीला एकच कर्सर. मला वाटलं सुटलो.

क्रॅश थांबले, आणि यादी अडखळायला लागली. सलग नाही, मध्येच. छान सरकते, सरकते, आणि एकदम अर्धा सेकंद थबकते, मग परत छान. ज्यांच्याकडे जास्त नोंदी त्यांना जास्त.

पहिला उपाय मी केला तो तेव्हा सगळेच करायचे, क्वेरी असिंकटास्कमध्ये (बॅकग्राउंडला काम करून घ्यायची तेव्हाची सोय) टाकली आणि तिथून कर्सर मेन थ्रेडला परत दिला. काडीचा फरक पडला नाही! कारण अँड्रॉइडचा एसक्यूलाइट कर्सर आळशी आहे, क्वेरी मेथड परत येते तेव्हा खरी क्वेरी अजून धावलेलीच नसते, ती धावते पहिल्यांदा गेटकाउंट (एकूण ओळी किती) किंवा मूव्हटूफर्स्ट बोलावलं की. आणि ते बोलावत होता ॲडॅप्टर, मेन थ्रेडवर. मी बॅकग्राउंडला फक्त रिकामं भांडं नेऊन आणत होतो. कर्सरलोडरचा (कर्सर बॅकग्राउंडला आणून देणारा अँड्रॉइडचा तयार क्लास) सोर्स उघडून बघा, त्यात कर्सर मिळाल्या मिळाल्या मुद्दाम एक गेटकाउंट बोलावलेला आहे, तो ह्याचसाठी. मीही तो टाकला, सुरुवातीचा धक्का गेला, मधले तसेच.

मधल्या धक्क्यांचं गणित सोपं निघालं. क्वेरीत नोंदीचे सगळे कॉलम येत होते, नोंदीचा पूर्ण मजकूर धरून. एका रोला सरासरी ३ केबी धरले तर २ एमबीच्या विंडोत साधारण ६८० रो बसतात. एका वापरणाऱ्याकडे १२,००० नोंदी होत्या, म्हणजे यादीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किमान १८ खिडक्या. आता मेख अशी की विंडोच्या बाहेरचा रो मागितला की अँड्रॉइड पुढचा तुकडा 'तिथून पुढे' वाचत नाही, ते अख्खी क्वेरी पुन्हा पहिल्यापासून चालवतं आणि नको असलेले रो टाकत टाकत हव्या त्या जागी पोचतं. शेवटच्या खिडकीसाठी अकरा हजारांवर रो नुसते टाकून द्यायचे. आणि मी तर त्यात जॉइन, ग्रुपिंग आणि तारखेवरचं सॉर्टिंग घातलेलं, तारखेवर इंडेक्स नाही, एक्सप्लेन क्वेरी प्लॅनने (क्वेरी कशी चालणार ते सांगणारी एसक्यूलाइटची आज्ञा) सरळ 'यूज टेम्प बी-ट्री फॉर ऑर्डर बाय' लिहून दिलं, म्हणजे सॉर्टिंगसाठी दर वेळी तात्पुरती रचना बांधावी लागणार. म्हणजे प्रत्येक खिडकीला सगळं सॉर्टिंग नव्याने, तेही मेन थ्रेडवर, बोट स्क्रीनवर असताना. आधीचं गळतीवालं व्हर्जन यापेक्षा मऊ सरकायचं, कारण त्यातली क्वेरी साधी होती. एक भोक बुजवताना दुसरं मीच मोठं केलं होतं.

अडखळणं एकवेळ चाललं असतं. त्याच सुमारास दोन तक्रारी आल्या ज्या मी आधी हसण्यावारी नेल्या. एक, 'तीच नोंद यादीत दोनदा दिसते'. दुसरी एक क्रॅश: 'कुडन्ट रीड रो' आणि पुढे रोचा नंबर, 'फ्रॉम कर्सरविंडो'. दोन्हींचं मूळ एकच. ॲप मागे सिंक करतं, म्हणजे सर्व्हरशी नोंदी जुळवत राहतं. पहिली खिडकी भरली तेव्हा नोंद क्रमांक ६८० शेवटची होती, तेवढ्यात सिंकने सगळ्यात वर एक नवी नोंद घातली, सगळ्या एका जागेने खाली सरकल्या, आणि दुसरी खिडकी नव्याने क्वेरी चालवून भरली गेली, त्यामुळे ६८० वी आता ६८१ व्या जागी पुन्हा हजर. कर्सर मात्र एकूण संख्या पहिल्या वेळी मोजलेलीच धरून बसतो. सिंकने नोंदी उडवल्या तर उलटं होतं, कर्सर म्हणतो इतके रो आहेत, जाऊन बघावं तर तिथे काहीच नाही, आणि क्रॅश. लोकांना वाटतं कर्सर म्हणजे एका क्षणाचा फोटो. एका खिडकीपुरता तो फोटो आहे, दोन खिडक्यांमध्ये काळ पुढे गेलेला असतो.

इथे मी डागडुजी थांबवली. प्रत्येक वेळी उपाय वेगळा पण प्रश्न तोच निघत होता: कर्सर उघडला एकाने, वापरतोय दुसरा, मिटवायचा तिसऱ्याने, आणि मध्ये डेटा बदलतोय चौथा. म्हणून डेटाबेसशी बोलणारा एक वेगळा क्लास केला आणि त्याला एकच नियम लावला, त्याचं कुठलंही फंक्शन कर्सर परत देणार नाही. फंक्शनमध्ये उघडायचा, रो साध्या ऑब्जेक्टांच्या लिस्टमध्ये उतरवायचे, तिथेच फायनलीत मिटवायचा, लिस्ट परत द्यायची. सगळं बॅकग्राउंड थ्रेडवर. डेटाबेसचा हेल्परही (डेटाबेस उघडून देणारं ऑब्जेक्ट) एकच, अख्ख्या ॲपला, कारण काही स्क्रीन स्वतःचा हेल्पर उघडून जाताना बंद करत होते आणि 'अटेम्प्ट टू री-ओपन ॲन ऑलरेडी-क्लोज्ड ऑब्जेक्ट' चं मूळ तिथे होतं.

यादी ६० च्या पानांनी आणायची ठरवली, पण ऑफसेटने ('पहिले इतके सोडून पुढचे दे') नाही, कारण ऑफसेट म्हणजे तेच परत, मोजून टाकून द्यायचं आणि मध्ये नोंद घुसली की दोनदा दिसायचं. त्याऐवजी शेवटच्या दिसलेल्या नोंदीची तारीख आणि आयडी लक्षात ठेवायचा आणि 'याच्या आधीच्या ६० दे' असं मागायचं. तारीख एकच असलेल्या नोंदी असतात म्हणून आयडी सोबत हवाच: तारीख लहान, किंवा तारीख तीच आणि आयडी लहान. या दोन कॉलमांवर इंडेक्स टाकला आणि क्वेरी प्लॅनमधला तो टेम्प बी-ट्री नाहीसा झाला. मजकूर पूर्ण आणायचा नाही, सबस्ट्रिंगने पहिली १२० अक्षरं, यादीत तेवढीच दिसतात. टॅग त्या ६० आयडींसाठी एका वेगळ्या क्वेरीने, इन वापरून. पान मोठं करायचा मोह झाला तर लक्षात असू द्या, फोनांवरच्या तेव्हाच्या एसक्यूलाइटमध्ये एका क्वेरीत प्रश्नचिन्हांची (किंमत भरायच्या जागांची, इथे दर आयडीला एक) नेहमीची मर्यादा ९९९ होती.

यात एक गोष्ट गमावली. यादीच्या कडेला धरून ओढायचा फास्ट स्क्रोलर या पद्धतीत चालत नाही, कारण 'मला थेट ७,००० व्या जागी ने' असं सांगताच येत नाही. त्याच्या बदल्यात महिना निवडायची सोय दिली, त्या महिन्यापासून पानं सुरू. दोघा-तिघांनी कुरकुर केली, बाकीच्यांना पत्ताही लागला नसावा.

लोडर (वरचा कर्सरलोडर त्यांतलाच) का नाही घेतले? कारण त्याच वर्षी अँड्रॉइड ९ मध्ये ते डेप्रिकेट झाले, एका मेलेल्या मेथडमधून निघून दुसरीकडे जाण्यात काय अर्थ. रूम (एसक्यूलाइटवर बसणारी गूगलची लायब्ररी) २०१७ च्या नोव्हेंबरपासून १.० झालं होतं आणि आज नवीन ॲप असतं तर डोळे झाकून तेच घेतलं असतं, कर्सर उघडणं-मिटवणं ते स्वतः बघतं. पण जुन्या टेबलांची व्याख्या रूमला हवी तशी अक्षरशः जुळवावी लागते आणि अपडेटची मुदत डोक्यावर होती. आणि रूमच्या खालीही तीच २ एमबीची विंडो असते, हे विसरू नका.

ते शेवटचं वाक्य मी अनुभवावरून लिहितोय. नवीन व्हर्जन गेल्यावर एका फोनवर एकच नोंद उघडेना. यादीत दिसायची, टॅप केलं की क्रॅश, 'रो टू बिग टू फिट इनटू कर्सरविंडो'. फोटोच्या टेबलात छोटी प्रतिमा ब्लॉब (कच्चे बाइट) म्हणून ठेवायची सोय होती, पण जुन्या एका बगमुळे काही वेळा लहान न करता मूळ फोटोच आत गेला होता, एकटा रो २ एमबीच्या वर. असा रो एसक्यूलाइट आनंदाने साठवून घेतं, कर्सर मात्र वाचून देऊ शकत नाही. आता तो बाहेर काढायचा कसा? आधी लेंग्थने मोजला, मग सबस्ट्रिंगने दहा-दहा लाख बाइटचे तुकडे मागून फाइलमध्ये जोडले, ब्लॉबवर सबस्ट्रिंग बाइटने चालतं म्हणून हे जमतं. नंतर मायग्रेशनमध्ये (जुना डेटाबेस नव्या रचनेत नेताना) सगळ्याच फोटोंचं तसं केलं, फोटो फाइलमध्ये आणि टेबलात फक्त तिचा पत्ता.

एका ठिकाणी मात्र लांब चालणारा कर्सर मी मुद्दाम ठेवलाय, सगळ्या नोंदी फाइलमध्ये एक्सपोर्ट करायच्या असतात तिथे. १२,००० नोंदी पूर्ण मजकुरासकट लिस्टमध्ये उतरवल्या तर जुना फोन तिथेच बसेल, म्हणून तिथे एक-एक रो वाचायचा, फाइलमध्ये लिहायचा, पुढे जायचं. मागे वळायचं नसल्यामुळे अँड्रॉइड ९ आणि पुढे त्या कर्सरला फक्त पुढच्या दिशेने विंडो भरायला सांगता येतं, नाहीतर तो दर वेळी मागचे थोडे रो पण सोबत घेऊन बसतो. आणि दोन खिडक्यांच्या मध्ये डेटा हलू नये म्हणून सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, एकाच थ्रेडवर. तोवर सिंक बाहेर ताटकळतं. ताटकळू दे.